नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

मावळात आणि लोणावळ्याच्या परिसरात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अनेक घरांत पहिल्यांदाच मोटार आली. दसऱ्याला, पाडव्याला किंवा चौदा एप्रिलला शोरूमच्या दारातून हार घातलेली गाडी बाहेर पडते, तेव्हा तिच्यामागे बहुधा पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे कर्ज असते. कुणासाठी ती घरची सोय असते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही जणांसाठी मात्र तीच रोजीरोटी होते. लोणावळ्यात पर्यटकांना 'पॉइंट' दाखविणारी टॅक्सी, पवन मावळातून दूध-भाजी आणणारा टेम्पो, कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी गाडी. अशा गाडीचे इंजिन कर्ज फिटण्याच्या आतच ऑइल खाऊ लागले, तर घराचा सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून नवे इंजिन सुरुवातीला कसे चालवावे, हा विषय केवळ हौशी मोटारवाल्यांपुरता राहत नाही. शोरूममध्ये किल्ली हातात देताना ही माहिती दोन वाक्यांत उरकली जाते, आणि पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात तशीच पडून राहते.

मग सल्ला मिळतो तो शेजाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून, आणि तो दोन टोकांचा असतो. वडीलधारी मंडळी बजावतात की, हजार किलोमीटर होईपर्यंत काटा चाळिसाच्या वर जाऊ देऊ नका. तरुण मित्र सांगतात की, पहिल्या दिवसापासून दाबून चालवा, नाहीतर गाडी कायमची मंद राहील. दोन्ही सल्ल्यांत तथ्याचा अंश आहे, आणि दोन्ही जसेच्या तसे पाळले तर इंजिनाचे नुकसान होते. यांतून वाट काढायची तर प्रथम सिलिंडरच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे.

सिलिंडरची आतली भिंत आपल्याला आरशासारखी गुळगुळीत असेल असे वाटते. वास्तविक ती मुद्दाम तशी ठेवलेली नसते. बोअर कापून झाल्यावर तिच्यावर होनिंगची प्रक्रिया करतात. घासणारे दगड बसविलेले हत्यार सिलिंडरमध्ये फिरत फिरत वर-खाली होते आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांचे जाळे उमटवते. या रेषा अवघ्या काही मायक्रॉन खोल असतात; माणसाच्या केसाची जाडीही त्यांच्या कितीतरी पट भरेल. त्यांचे काम ऑइल धरून ठेवण्याचे. दोन रेषांमधील उंचवट्यांवर मात्र सूक्ष्म टोके राहतात. आता बहुतेक कारखान्यांत होनिंगच्या शेवटच्या टप्प्यात ही टोके बरीचशी छाटली जातात. चाकण, तळेगाव किंवा आकुर्डीच्या कारखान्यांत अशा यंत्रावर काम केलेले कुणी हा लेख वाचत असतील, तर त्यांना हे जाळे डोळ्यांपुढे दिसेल. तरीही यंत्राने छाटल्यानंतर जे थोडे उरते ते छाटण्याचे काम पिस्टनच्या रिंगांवर सोपविलेले असते. म्हणजे इंजिनाचे शेवटचे घडणकाम कारखान्यात न होता रस्त्यावर, गाडी चालविणाऱ्याच्या पायाखाली होते.

साधारण पेट्रोल मोटारीत प्रत्येक पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळत्या वायूचा दाब अडवितात, तिसरी भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठविते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीवर टेकते खरी, पण तो ताण थोडाच असतो. इंधन जळते तेव्हा वायूचा दाब खाचेतून वरच्या रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. इंजिनावर ओझे जितके अधिक, तितका हा दाब अधिक. ओझे अगदीच हलके असेल, तर रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते. घासून तिच्याशी जुळत नाही. आपल्याकडचे मेकॅनिक 'रिंगा बसल्या' असे म्हणतात, तो शब्द फार नेमका आहे.

हे घासणे किती होते, याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येईल. पिस्टनची एक धाव साडेसात सेंटिमीटरची धरली, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात रिंग पंधरा सेंटिमीटर प्रवास करते. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी तो प्रवास तीनशे मीटर होतो. ताशी सरासरी ४० किलोमीटरने हजार किलोमीटर जायला पंचवीस तास लागतात. तेवढ्या वेळात प्रत्येक रिंग सिलिंडरच्या भिंतीवर सुमारे साडेचारशे किलोमीटर घासली जाते. त्यातला महत्त्वाचा भाग पहिल्या काहीशे किलोमीटरांतच उरकतो. एकदा टोके झिजली आणि भिंत गुळगुळीत होत गेली, की चूक सुधारण्याची संधी फारशी उरत नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याकडे वळू. गाडीला फार जपले, सतत रांगत चालविले किंवा तासन्‌तास उभ्या जागी सुरू ठेवले, तर काय होते? रिंगा पुरेशा दाबाने टेकत नाहीत. त्यांच्या फटीतून ऑइल वर येते, अर्धवट जळते आणि भिंतीवर पिवळसर-तपकिरी, काचेसारखा चकचकीत थर धरते. होनिंगच्या रेषा त्या थराने बुजतात. मग ऑइल धरून ठेवायला जागा राहत नाही आणि रिंगेला घासायलाही काही उरत नाही. याला इंजिनाच्या व्यवहारात ग्लेझिंग म्हणतात. डिझेल जनरेटरांत हा दोष नेहमीचा आहे. मोठ्या क्षमतेचा जनरेटर बसवायचा आणि वीज गेल्यावर त्याच्यावर चार दिवे आणि दोन पंखे चालवायचे, असा प्रकार पावसाळ्यात आपल्या भागातील कार्यालयांत, वसतिगृहांत सर्रास घडतो. काही काळाने तो जनरेटर निळा धूर ओकू लागतो, आणि लोक म्हणतात, 'फार वापरलासुद्धा नव्हता!' त्याच्या दोषाचे मूळ नेमके त्यातच असते.

तरुण मित्रांच्या सल्ल्यातील धोका याच्या उलट आहे. टोके अजून शिल्लक असताना इंजिन सणसणीत फिरविले, तर त्या टोकांशी अतिशय उष्णता निर्माण होते. ऑइलचा पातळ पापुद्रा तेथे फाटतो, धातू धातूला भिडतो, क्षणभर चिकटतो आणि ओढला जातो. भिंतीवर उभे ओरखडे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. थंड इंजिनावर हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण पिस्टन, रिंग आणि भिंत तापून आपापल्या योग्य मापाला आलेली नसतात आणि ऑइलही जाड असते. शिवाय इंजिनात रिंगांखेरीज बेअरिंगे आहेत, कॅम आहे, गिअरपेटीचे दाते आहेत. त्यांना दाबाची नव्हे, हळूहळू सरावण्याची गरज असते. म्हणून ओझे द्यावे, पण थोडे थोडे आणि थोड्या वेळापुरते; इंजिन आधी पूर्ण तापू द्यावे; आणि फेरे मर्यादेत ठेवावेत. उत्पादकांच्या पुस्तिकांतील सूचना निरनिराळ्या शब्दांत बहुधा हेच सांगतात.

'चाळिसाच्या वर नको' हा नियम आला कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत असे, त्या काळातील ही शिकवण. तेव्हाचे यंत्रकाम आजच्या मानाने खडबडीत होते, ऑइलही आजच्यासारखे नव्हते. इंग्लंडमध्ये तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन, प्लीज पास' अशी पाटी लावण्याची रीतच होती. मागच्याने समजून घ्यावे आणि पुढे निघून जावे. त्या इंजिनांना तो नियम शोभत होता. आज यंत्रकामाची अचूकता वाढली, इंजिन सरावण्याचा काळ कमी झाला, पण तो संपलेला नाही. युरोपच्या वायुप्रदूषण-चाचणीच्या नियमांत गाडी चाचणीला आणण्यापूर्वी किमान ३,००० किलोमीटर चाललेली असावी, अशी अट घातलेली आहे. कोरे इंजिन आपले खरे गुण दाखवीत नाही, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. कारखान्यात इंजिनाची तपासणी होते; परंतु अनेक ठिकाणी ती विजेच्या मोटरने इंजिन फिरवून, इंधन न जाळताच केली जाते. तेव्हा 'कंपनीतच सगळे करून येते' या विधानावर फारसे विसंबू नये.

आपल्या लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण देणारी आयएनएस शिवाजी ही संस्था आहे. जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत नवे लायनर आणि नव्या रिंगा बसविल्या, की ओझे टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात. एवढ्या अवाढव्य इंजिनाला जी रीत, तीच आपल्या हजार-बाराशे सीसीच्या इंजिनाला. फरक इतकाच, की येथे ओझे मोजायला यंत्र नसून आपला पाय आणि आपला कान असतो.

आता घाट. खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून वर येणारा जुना रस्ता घ्या किंवा २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग. पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. माणसे आणि सामान धरून चौदाशे किलोची मोटार तेवढी उंच उचलायची, असा त्याचा अर्थ. सपाटीवर ताशी ६० ने धावताना छोट्या मोटारीला जेवढी शक्ती लागते, तिच्या दुपटीहून अधिक शक्ती याच वेगाने हा चढ चढताना लागते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली तिचा तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे, आणि आजही गाड्यांना मागून रेटण्यासाठी कर्जतला जादा इंजिने जोडावी लागतात. आपल्या मोटारीला मागून कुणी रेटत नाही. त्यामुळे मुंबई-पनवेलकडून कोरी गाडी घेऊन, सात माणसे कोंबून, एसी लावून, पहिल्याच दिवशी हा चढ एका दमात चढणे म्हणजे इंजिनाला तयारीविना परीक्षेस बसविणे होय. त्यातही वरच्या गिअरमध्ये धडधडत, ॲक्सिलरेटर तळाला टेकवून गाडी ओढणे सर्वांत वाईट. फेरे कमी, ओझे जास्त आणि ऑइलचा दाब बेताचा, असे तिन्ही दोष तेथे एकत्र येतात. नाइलाजाने घाट चढावाच लागला, तर माणसे कमी घ्यावीत, खालचा गिअर वेळेवर टाकावा, वेगाचा हट्ट सोडावा.

नव्या इंजिनाला सरावायला आपल्याच तालुक्यात घाटाहून कितीतरी चांगले रस्ते आहेत. लोणावळ्यापासून कार्ले फाटा, कामशेत, वडगाव करीत तळेगावापर्यंतचा जुना मुंबई-पुणे रस्ता हा तीसएक किलोमीटरांचा पट्टा जणू याच कामासाठी आखला आहे. गावे येतात, वेग कमी होतो, मोकळा रस्ता मिळतो, वेग पुन्हा वाढतो, हलके चढ-उतार लागतात. कामशेतहून पवनानगरकडे जाणारा रस्ताही तसाच. गाडी तापल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० पासून ६०-६५ पर्यंत ठाम पण न झटकता वेग वाढवावा, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच आपोआप मंदावू द्यावी. वेग वाढताना रिंग भिंतीवर दाबली जाते. पाय काढल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात वाढून थोडे ऑइल वर खेचले जाते; ते रिंगा गार करते आणि झिजलेला सूक्ष्म कीस धुऊन नेते. असे एका फेरीत आठ-दहा वेळा, मागे-पुढे वाहन नसताना करावे. पेट्रोल इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन-साडेतीन हजारांच्या आत, डिझेलचे अडीच हजारांच्या आत ठेवणे बहुतेक गाड्यांना मानवते; पुस्तिकेत निराळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. पाचशे किलोमीटरनंतर मर्यादा हळूहळू सैल करीत न्यावी.

द्रुतगती मार्गावर जाणे वर्ज्य नाही, पण तेथे एक मोह असतो. उर्सेपासून पुढे तासभर काटा एकाच आकड्यावर धरून बसण्याचा. नव्या इंजिनाला एकसुरीपणा उपयोगी नाही. दर काही मिनिटांनी वेग दहा-पंधराने बदलत राहावा. क्रूझ कंट्रोल असेल, तर हजार किलोमीटरपर्यंत त्याचे बटण विसरावे.

लोणावळेकरांचा खास शत्रू निराळाच आहे. पावसाळ्यातील रविवारी भुशी धरणाच्या किंवा टायगर पॉइंटच्या रस्त्यावर वाहनांची जी रांग लागते, तीत नवी टॅक्सी दोन-दोन तास एसीसह उभ्या जागी घुरघुरत असते. वर सांगितलेला ग्लेझिंगचा दोष घडवायचा असेल, तर याहून उत्तम सोय नाही. धंद्याची गाडी असेल तर हंगाम टाळणे अवघड जाते, हे मान्य. पण जमेल त्याने घेतलेली गाडी आधी आठवडाभर आडवारी रस्त्यावर फिरवावी, मग त्या गर्दीत न्यावी. हा आठवडा फुकट गेला असे वाटते, पण इंजिनाचे काम काढावे लागले तर गॅरेजमध्ये जाणारे दिवस याहून अधिक असतात. सकाळी गाडी सुरू करून दहा मिनिटे 'गरम होऊ देण्याची' सवयही सोडावी. अर्धा-एक मिनिट पुरे. त्यानंतर हळू चालवीत तापविलेली बरी.

घाट उतरताना आणखी एक जुनी खोड आढळते. डिझेल वाचते या समजुतीने गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची. याच घाटात अवजड वाहने न्यूट्रलमध्ये उतरवल्याने ब्रेक तापून झालेले अपघात मावळातल्या माणसांना सांगायला नकोत. आजच्या गाडीत तर इंधनही वाचत नाही. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यासाठी तो चालू राहतो. नव्या गाडीचे ब्रेकही नवे असतात. पॅड आणि डिस्क परस्परांशी जुळायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात, तोपर्यंत ते पूर्ण ताकदीने धरतीलच असे नाही. टायरच्या पृष्ठभागावरही साच्यातला बुळबुळीतपणा थोडा राहिलेला असतो. पहिल्या आठवड्यात ओल्या घाटात पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. विजेच्या मोटारीला इंजिन नाही, म्हणून बाकीचा लेख तिने सोडून द्यावा; ब्रेक आणि टायरचा हा भाग तिलाही लागू आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे एक नवे कारण पुढे आले आहे. डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात आता काजळी अडविणारी गाळणी असते. काजळी तापवून जाळता येते; पण इंजिन ऑइल खात असेल, तर त्या ऑइलची राख गाळणीत साठते आणि ती जळत नाही. गाळणी बदलण्याचा खर्च लहान गाडीवाल्याला जड जातो. पूर्वी ऑइल खाणारी गाडी धूर मारीत का होईना, चार वर्षे ओढता येत असे. आता ती मुभा राहिलेली नाही.

ऑइलविषयी एवढेच सांगतो. कारखान्यातून भरून आलेले ऑइल केव्हा बदलायचे, ते पुस्तिकेत लिहिलेले असते. लवकर बदलायची इच्छा असेल, तर सर्व्हिस सेंटरला विचारावे. मात्र 'जाड ऑइल चांगले' म्हणून कुणी दुसऱ्याच ग्रेडचे सुचविले, तर नम्रपणे नकार द्यावा. पहिल्या दोन-तीन हजार किलोमीटरांत ऑइल किंचित कमी होणे स्वाभाविक आहे. ते दर तीनशे किलोमीटरला, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढून पाहावे. थंडीत पहाटे निघणारी पांढरी वाफ निरुपद्रवी असते. निळा धूर हा ऑइल जळत असल्याचा निरोप आहे.

नव्या गाडीइतकेच, किंबहुना अधिकच, हे सर्व दुरुस्त केलेल्या इंजिनाला लागू पडते. नाणे मावळात, अंदर मावळात जुने ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो पुन्हा बोअर मारून चालविले जातात. तेथील होनिंग कारखान्याइतके सफाईदार नसते, म्हणून सरावण्याचा काळ मोठा धरावा. काही गॅरेजांत काम झाल्यावर इंजिन रात्रभर उभ्या जागी चालू ठेवण्याची पद्धत आहे. रेडिएटरला पाण्याची नळी लावून ठेवतात आणि सकाळी 'इंजिन मोकळे झाले' म्हणून गाडी ताब्यात देतात. मोकळे झाल्यासारखे वाटते, कारण बेअरिंगे सरावलेली असतात. रिंगा मात्र बसलेल्या नसतात. फिटर कितीही जाणता असला तरी त्याला ही रात्र वाचवायला सांगावी. इंजिन वीस-पंचवीस मिनिटे चालवून गळती, ऑइलचा दाब आणि पाणी तपासावे, आणि मग गाडी अर्ध्या ओझ्यावर रस्त्यावर काढावी. ट्रॅक्टर असेल तर पहिले काही दिवस हलकी पाळी घालावी. खोल नांगरट नंतर.

गाडी घेतल्या दिवसापासून एक साधी वही गाडीतच ठेवावी. तारीख, किलोमीटर, भरलेले इंधन, ऑइलची पातळी आणि काही वेगळे जाणवले असल्यास ते, असे पाच रकाने पुरेत. पहिल्या मोफत सर्व्हिसला ही वही सोबत न्यावी. ऑइल अधिक जात असल्याची तक्रार तोंडी केली, तर 'नव्या गाडीत असे होतेच' एवढ्यावर बोळवण होऊ शकते. किती किलोमीटरांत पातळी किती उतरली याच्या तारीखवार नोंदी पुढे ठेवल्या आणि जॉबकार्डावर त्या लिहून घेतल्या, तर वॉरंटीच्या मुदतीत त्याची दखल घ्यावी लागते.